हे ते दुकान नव्हे

वर्तमानपत्रात काम करणाऱ्या माणसाला लोक एकतर भितात, नाहीतर त्याच्याकडे काम काढतात. तिचं उलटं होतं. तिला बघून तिच्याच कचेरीतली माणसं रस्ता बदलायची. ती जिन्यात दिसली की भल्याभल्या वार्ताहरांना खिशातला फोन वाजल्याचा भास व्हायचा. कारण ती टेबलाशी येऊन उभी राहिली की त्याचा अर्थ एकच असे: काल तुम्ही काहीतरी चुकीचं छापलंत, आणि तुम्ही चुकलात हे उद्या छापून येणार आहे.

सगळे तिला दुरुस्तीताई म्हणत. ‘चूकभूल’ नावाची एक चौकट त्या वर्तमानपत्रात रोज येई, ती तिच्या हातची. चौकट सुरू केली होती म्हाताऱ्या संपादकांनी, आणि त्यांचा दंडक कडक होता. चूक ज्या पानावर झाली, चौकट त्याच पानावर यायची. पहिल्या पानावर बोंब मारायची आणि माफी आतल्या पानात जाहिरातींच्या पायाशी मागायची, हे चालणार नाही. ‘तांत्रिक कारणामुळे’ आणि ‘नजरचुकीने’ या दोन शब्दप्रयोगांना तर चौकटीत बंदीच होती. म्हातारे संपादक म्हणायचे, “यंत्राच्या माथी खापर कशाला फोडता? चूक माणसाने केली ना? मग माणसासारखं सांगा.”

ताईने यात स्वतःची एक गोष्ट घातली होती. ज्याच्याबद्दल चूक झाली त्याच्याकडे ती स्वतः जायची आणि चौकटीतला मजकूर छापण्याआधी त्याला मोठ्याने वाचून दाखवायची. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी त्याचे वेगळे पैसेही देत नव्हतं. पण ज्याला लागलंय त्याने ऐकून ‘हं’ म्हटल्याशिवाय माफी पुरी होत नाही, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. आणि तिच्या डोक्यात एकदा बसलेलं उठवायची कोणाची टाप नव्हती.

त्यापायी तिने काय काय ऐकून घेतलं असेल! कोणी दार लावून घेतलं, कोणी उंबऱ्यात उभं करून सात पिढ्यांचा उद्धार केला. पण गमतीही व्हायच्या. एकदा एका जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाल्याची बातमी आली आणि फोटोत आजोबांच्या शेजारी आजींच्या जागी आजींचीच धाकटी बहीण झळकली. ताई मजकूर घेऊन घरी गेली. आजी धुमसत होत्या. आजोबांनी मजकूर शांतपणे ऐकला आणि म्हणाले, “छान लिहिलंय. पण घाई कशाला करता? सावकाश छापा.” आजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ताईने चहा अर्धा सोडून तिथून काढता पाय घेतला.

घरात तिच्या चौकटीची एकच वाचक होती, आणि ती फार भारी होती. सासूबाई. त्या अंक हातात आला की मथळे सोडून थेट चौकट शोधत. “बघू, आज कोणाचं नाक कापलं,” असं म्हणून चष्मा लावत. आणि वाचून झालं की सुनेकडे वळत. “दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला पगार मिळतो बाईला. घरात मात्र भाजी खारट झाली की चूक मिठाची!” नवरा अशा वेळी पटकन अंघोळीला जायचा. तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला कुठे थांबायचं नाही हे बरोबर कळतं. सासूबाईंनी सुनेच्या कामाबद्दल चांगला शब्द कधी काढला नाही, आणि ताईनेही तो कधी मागितला नाही.

मग दिवस फिरले. सगळीकडे फिरले तसेच इथेही. सकाळी अंक दारात पडेपर्यंत त्यातली बातमी लोकांनी आदल्या संध्याकाळीच फोनवर वाचून, तिच्यावर भांडून, विसरूनही टाकलेली असे. कोपऱ्यावरच्या विक्रेत्याने अंकांची चळत कमी करत करत त्या जागी थंड पाण्याच्या बाटल्या मांडल्या. जाहिराती आटल्या, पानं रोडावली, आणि कचेरीतल्या एका मजल्यावर तर चक्क कुणाचा तरी व्यायामाचा वर्ग भरू लागला. वरून उड्यांचे आवाज यायचे आणि खाली अग्रलेख लिहिला जायचा.

म्हाताऱ्या संपादकांनंतर त्यांचे जावई खुर्चीवर आले. हे नवे संपादक माणूस भला. वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती. त्यांनी कोणालाही घरी पाठवलं नाही, स्वतःचा पगार आधी कापला, आणि एक दिवस सगळ्यांना बोलावून खाली मान घालून सांगितलं की महिना संपला की रोजचा छापील अंक बंद. रविवारचा तेवढा निघेल, बाकी सगळं वेबसाइटवर. शेवटचा रोजचा अंक त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी.

ताईला त्यांनी नंतर वेगळं बोलावलं. “ताई, तुम्ही आता वेबसाइटला फोटो लावायचं बघा. चौकट आपण आजपासूनच थांबवू.”

“आणि चुका?”

“तिथे चूक सापडली की लगेच बदलता येते. अर्ध्या मिनिटाचं काम. मग माफी हवी कशाला?”

“बदलता येते हे बरंच आहे,” ती म्हणाली. “पण ज्यांनी आधीच वाचलंय, त्यांना कसं कळणार बदललंय ते?”

संपादक हसले. मग त्यांनी समोरचा हिशेबाचा कागद पुढे ओढला.

वयाच्या ज्या टप्प्यावर माणसं गुडघ्यांचं कारण सांगून नवीन शिकणं टाळतात, त्या टप्प्यावर तिने नवं काम शिकून घेतलं. शिकवणाऱ्या पोरींना एकच गोष्ट तीनदा विचारली, पण चौथ्यांदा नाही. पंधरवड्यात ती त्यांच्या बरोबरीने फोटो लावू लागली. त्या खोलीत सगळ्यांना सतत घाई. भिंतीवरच्या पडद्यावर कोणती बातमी किती लोक वाचताहेत त्याचा आकडा फिरत असे आणि सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर वर-खाली होत. या खोलीला झोप लागत नाही म्हणूनच ती चिडचिडी असावी.

एका मंगळवारी दुपारी बातमी आली. एका औषधांच्या दुकानात जुन्या औषधांच्या पाकिटांवरची तारीख खरवडून नवी छापत होते. छापा पडला, दुकानाला टाळं लागलं. मोठी बातमी. पण पोलिसांनी वार्ताहराला गल्लीच्या तोंडाशीच अडवलं, त्यामुळे फोटो नाही.

“ताई, फोटो! समोरच्या पेपरची बातमी वेबसाइटवर चढलीसुद्धा!”

ताईने जुन्या फोटोंच्या साठ्यात ‘औषधांचं दुकान’ असं शोधलं. एक फोटो पटकन डोळ्यांत भरला. निळ्या पायऱ्या, दाराशी वजनाचा काटा, आत नीटनेटकी लाकडी कपाटं. पाटी वरून कापली गेली होती, म्हणजे नाव दिसत नव्हतं. तिने तो लावला, खाली ‘संग्रहित छायाचित्र’ असं लिहिलं आणि पुढच्या बातमीकडे वळली. बातमी वेबसाइटवर सगळ्यात वर चढली.

आता यातली मेख अशी की लोक बातमी एकमेकांना फोनवर पाठवतात तेव्हा मथळा जातो, फोटो जातो, आणि फोटोखालची ती बारीक ओळ मागेच राहते. शिवाय नाव दिसत नसलं म्हणून काय झालं? रोज ज्या निळ्या पायऱ्या चढायच्या आणि ज्या काट्यावर उभं राहून उसासा टाकायचा, तो काटा कोण ओळखणार नाही? तासाभरात कोणाचा तरी निरोप आला की हे तर आमच्या कोपऱ्यावरचं दुकान, छापा पडला तो गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. वेबसाइटच्या प्रमुखाने फोटो काढून तिथे गोळ्यांच्या ढिगाचा फोटो टाकला. “निस्तरलं,” तो म्हणाला, आणि सगळ्यांच्या माना पुन्हा पडद्याकडे वळल्या. फोटो लावला कोणी, हे विचारायलाही कोणाला सवड नव्हती.

आणि दुरुस्तीताईला हायसं वाटलं. हो, वाटलं. जन्मभर जिने दुसऱ्यांच्या चुका चव्हाट्यावर मांडल्या, तिला स्वतःची झाकली गेल्यावर सुटल्यासारखं वाटलं. हे तिने पुढे स्वतःच्या तोंडाने सांगितलं म्हणून कळलं. नाहीतर कोण विश्वास ठेवणार होतं? ते हायसं वाटणं एक संध्याकाळ टिकलं. सकाळी ती चहा तसाच टाकून उठली. कचेरीत गेली, दुकानाचा नंबर शोधला आणि फोन लावला.

फोन दुकानदाराच्या मुलीने उचलला. ताईने कुठून बोलतेय ते सांगितलं मात्र, मुलगी भडकलीच. “तुम्ही तुमच्या वेबसाइटवरून फोटो काढलात, ठाऊक आहे मला. गल्लीतल्या फोनमधून कोण काढणार? लोक औषधं परत आणून टाकताहेत! चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही!”

“मी येते,” ताई म्हणाली.

“कशाला? आणखी एक फोटो काढायला?”

तरी ती गेली. बाप-लेक दोघंच होते. दुकानदार स्टुलावर बसला होता, हात मांडीवर ठेवून. ज्या माणसाला दिवसभर बसायला फुरसत मिळत नव्हती, तो बसला होता. गल्ल्याशेजारी परत आलेल्या औषधांचं खोकं होतं, त्यात एक अर्धी संपलेली खोकल्याची बाटलीही होती. आयुष्यभर ताई दुसऱ्यांच्या चुका घेऊन अशा दारांत उभी राहिली होती. आज पहिल्यांदा चूक तिची स्वतःची होती. ती काट्याला धरून म्हणाली, “फोटो मी लावला. दुकान कोणाचं ते न बघता लावला.”

मुलगी काहीतरी बोलणार होती, पण दुकानदाराने हात वर केला. “माफी मागताय ते कळलं. पण माझ्या गिऱ्हाइकांना ते कसं कळणार?”

“वेबसाइटवर टाकू.”

“म्हणजे ज्याने आमची बातमी वाचलीय तो मुद्दाम तुमची माफी शोधत बसणार? ताई, माझ्याकडे येणारी निम्मी माणसं म्हातारी आहेत. त्यांना नातवंडांनी फोटो दाखवला. तुम्ही मला कागदावर छापून द्या. मोठं. दाराच्या काचेवर लावतो. पायरी चढणारा प्रत्येक जण वाचेल. तुमच्या त्या वेबसाइटला काय डिंकाने चिकटवू?”

ती थेट संपादकांच्या खोलीत गेली. तिची मागणी ऐकून ते खुर्चीत मागे रेलले.

“पहिल्या पानावर? शनिवारच्या? ताई, तो निरोपाचा अंक आहे. पहिल्या पानावर सासरेबुवांचा फोटो जातोय, जुन्या छापखान्याचा जातोय. आणि चूक छापील अंकात झालेलीच नाही! वेबसाइटला पान कुठे असतं?”

“बातमी सगळ्यात वर होती. म्हणजे पहिलं पान.”

“आपले वकील नेहमी सांगतात, लेखी कबूल केलं की उद्या दावा लागू शकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. फोटो बदललाय, कोणी तक्रार केलेली नाही.”

“तक्रार करायला ते इथे येणार नाहीत. दुकान बंद करतील, बस.” मग ती एक श्वास घेऊन म्हणाली, “नाही छापायचं तर नका छापू. पण मग तुम्ही माझ्याबरोबर चला, आणि नाही छापणार हे त्यांना तुम्ही सांगा. माझ्याच्याने ते होणार नाही.”

भल्या माणसाची हीच तर अडचण असते, त्याला असं सांगितलं की जावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दुकानात उभे होते. संपादकांनी घसा साफ केला, तेवढ्यात एक आजी पायऱ्या चढून आल्या. त्या इथल्या जुन्या गिऱ्हाईक, मुलीला एकेरी हाक मारणाऱ्या. त्यांनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं.

“तारीख वाच गं यावरची.”

मुलीने वाचली. पुढच्या वर्षाची होती.

आजींनी पाकिटाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि हळूच पाकीट परत पिशवीत टाकलं. “असू दे. मी नातवाकडून एकदा वाचून घेते,” असं म्हणून त्या कठड्याला धरत खाली उतरल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, उलट संकोच होता, आणि दुकानदाराला तोच जास्त लागला. त्याने तोंड कपाटाकडे फिरवलं.

संपादक जे सांगायला आले होते ते त्यांनी सांगितलं नाही. ताईकडे हात पुढे केला आणि म्हणाले, “मजकूर आणलाय ना तुम्ही? द्या.” आणि त्यांनी तो उभ्याउभ्या वाचून दाखवला.

‘जुन्या औषधांवर नवी तारीख छापणाऱ्या दुकानाची बातमी आम्ही वेबसाइटवर दिली, तिच्यासोबत वरील दुकानाचा फोटो लागला. हे ते दुकान नव्हे. त्या प्रकाराशी या दुकानाचा काडीचाही संबंध नाही. फोटो कोणत्या दुकानाचा आहे हे न बघता मी तो लावला. नंतर आम्ही तो बदलला, पण बदलल्याचं कोणालाही सांगितलं नाही. ही दुसरी चूक पहिलीहून मोठी आहे.’

खाली ताईचं पूर्ण नाव होतं. शेवटची दोन वाक्यं संपादकांनी पुन्हा एकदा वाचली.

दुकानदार म्हणाला, “ती शेवटची वाक्यं काढू नका.”

“नाही काढत,” संपादक म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि काट्यावर कागद ठेवून ताईच्या नावाखाली लिहिलं: ‘दुसरी चूक माझी’, आणि स्वतःचं नाव. मुलगी ते बघत होती. तिने स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं.

शनिवारचा अंक निघाला. म्हातारे संपादक आणि त्यांचा छापखाना खालच्या अर्ध्या पानावर गेले. मला वाटतं, त्यांची काही तक्रार नसती. वरच्या अर्ध्या पानावर निळ्या पायऱ्यांच्या दुकानाचा नवा फोटो, या वेळी पाटीसकट, आणि त्यावर लांबूनही वाचता येईल असा मथळा: ‘हे ते दुकान नव्हे’.

यामुळे रोजचा अंक वाचला असं कोणाला वाटत असेल तर ते विसरा. तो बंद झाला तो झालाच. विक्रेत्याकडे आता पाण्याच्या बाटल्याच आहेत. एवढं मात्र झालं की त्या वेबसाइटवर आता बातमीतलं काही बदललं तर काय बदललं आणि का, हे बातमीच्या वरच लिहावं लागतं. रविवारच्या अंकात आठवडाभराच्या चुका छापून येतात, आणि ते सगळं दुरुस्तीताई बघते. पडद्यावरच्या आकड्यांत तिच्या ओळी सगळ्यात तळाला असतात. तिला त्याचं काही नाही. कागदाने काय करायचं आणि पडद्याने काय करायचं यावर शहाणी माणसं परिषदा भरवतात. तिने आपल्यापुरतं उत्तर काढलं आणि कामाला लागली. अशी माणसं असली की कागद असो नाहीतर काच, वाचणाऱ्याला बरे दिवस आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्या शनिवारच्या सकाळचं सांगायचं राहिलं.

अंक घरी आला. सासूबाईंनी चष्मा लावला, आतली पानं उलटू लागल्या, मग परत पहिल्या पानावर आल्या. मजकूर वाचला. खालचं नाव वाचलं. सून समोरच उभी होती, आता काय ऐकावं लागणार म्हणून. नवरा अंघोळीला जायचाही विसरला. सासूबाईंनी अंकाची घडी घातली, कपाटातून बाहेरची साडी काढली, पिशवी उचलली आणि एक अक्षर न बोलता दाराबाहेर पडल्या.

“आईला फार लागलं वाटतं,” नवरा म्हणाला. ताईने मान हलवली. तिलाही तेच वाटलं होतं. एवढ्या वर्षांत टोमणा न मारता सासूबाई घराबाहेर पडल्याचं तिला आठवत नव्हतं.

काही जादा अंक दुकानात द्यावेत म्हणून ती थोड्या वेळाने निघाली. लांबूनच दिसलं, दाराच्या काचेवर आतून ते पान लावलं होतं आणि पायऱ्यांवर पाच-सहा माणसं उभी राहून वाचत होती. आणि त्या सगळ्यांच्या पुढे, गावाच्या दुसऱ्या टोकाहून बस पकडून आलेल्या सासूबाई, काचेवर बोट टेकवून बोलत होत्या.

“हे खालचं नाव वाचा. वाचलंत? माझी सून आहे ती.”

“अहो आजी,” एक जण हसून म्हणाला, “यात तर तिची चूक झाल्याचं लिहिलंय!”

“मग? झालीच तिची चूक. पण तुम्हाला सांगितलं कोणी? तिनेच ना?” सासूबाई त्याच्यावर कडाडल्या. “एवढं मोठं कोणी लिहितं का स्वतःबद्दल? तुम्ही लिहाल? मी तरी नसतं लिहिलं बाई.”

तो बाजूला सरला. सासूबाई आत जाऊन गल्ल्यापाशी उभ्या राहिल्या. “मला रक्तदाबाच्या गोळ्या द्या. दोन महिन्यांच्या.”

बाहेर ताईच्या डोळ्यांना धार लागली होती. आत दुकानदाराच्या मुलीने गोळ्यांची पाकिटं काढली आणि त्या आठवड्यात पडलेल्या सवयीने तारखेवर बोट ठेवून ती पुढे धरली. सासूबाईंनी तिचं बोट हळूच बाजूला केलं आणि पाकिटं न बघताच पिशवीत टाकली.